बावीस घरांची उसळ

रायपूरच्या समता कॉलोनीत आणि तिच्या आसपास मिळून बावीस मराठी घरं आहेत. या बावीस घरांचं एकमत होईल असा विषय दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. गणपती कोणाच्या अंगणात बसवायचा यावरून दोन घरांत तीन वर्षं अबोला चालला. पुरणात गूळ की साखर, हा विषय तर पाहुण्यांसमोर काढायचाच नाही असा अलिखित नियम आहे. पण एका गोष्टीत सगळे एक: अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कोणाच्याही घरी चूल पेटत नाही. सगळे विजयाकाकू बोंड्यांच्या अंगणात उसळ खायला जातात.

ही उसळ साधी नव्हे. तिचे हरभरे विकत आणलेले नसतात, ते ओटीतले असतात.

इकडे छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला अक्ती म्हणतात. गल्लीतल्या पोरी त्या दिवशी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, आणि आपल्या मराठी घरांतून चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू असतं. एकाच संध्याकाळी बावीस घरं करायची म्हणजे बायकांची नुसती धावपळ. प्रत्येक घरी पन्हं, आंब्याची डाळ, आणि निघताना पदरात मूठभर भिजवलेले हरभरे. शेवटच्या घराची पायरी उतरेस्तोवर पदराला दीड-दोन किलोंची गाठ होते. कोणाचे गावरान, तांबूस, बारके. कोणाचे पांढरे काबुली, टपोरे. सगळे एकत्र. आता चार माणसांच्या घरात एवढ्या हरभऱ्यांचं करणार काय? दुसऱ्या दिवशी गाईपुढे टाकायचे, अशीच पद्धत होती.

ती पद्धत विजयाकाकूंनी मोडली. त्या वरूडच्या. विसाव्या वर्षी दिवाकर बोंड्यांशी लग्न होऊन रायपुरात आल्या, तेव्हा दिवाकरराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होते आणि दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पहिल्याच अक्तीला शेजारणी हरभरे गाईला घालायला निघालेल्या पाहून नव्या नवरीचं तोंड सुटलं, “ओटीतलं धान्य हाय ते! काहून टाकता?” सासरी येऊन महिना नाही झाला आणि ही भाषा! शेजारणींनी हसत हसत आपापली गाठोडी तिच्या ओसरीवर ओतली. “घे बाई, तूच शिजव.”

तिने शिजवले. सगळे एकाच गंजात घातले आणि चूल पेटवली. दोन तासांनी पाहते तर निम्मे हरभरे विरघळून पिठलं झालेले आणि निम्मे बंदुकीच्या छऱ्यांसारखे टणक. दिवाकररावांनी चकार शब्द न काढता दोन वाट्या खाल्ल्या आणि पुढचे दोन दिवस जबडा धरून कामावर गेले. नवरा चांगला मिळाला आहे, हे विजयाकाकूंना त्या दिवशी कळलं. दुसरीही एक गोष्ट कळली. ओटीतला हरभरा एका घरचा नसतो. कोणाचा यंदाचा, तर कोणाचा डब्याच्या तळाशी तीन वर्षं पडून राहिलेला. कोणी आदल्या रात्री भिजवलेला, कोणी सकाळी दहाला आठवण झाल्यावर. कोणाकडे नळाचं गोडं पाणी, कोणाकडे बोअरचं जड, ज्यात हरभरा दिवसभर पडून राहिला तरी आतून कोरडा तो कोरडाच.

मग त्यांनी नख लावायला सुरुवात केली. दाणा चिमटीत धरायचा आणि अंगठ्याचं नख टोचायचं. नख सरळ आत गेलं तर तो धाकटा. अर्ध्यावर अडलं तर मधला. घसरलं तर थोरला. थोरले आधी गंजात जाणार, अर्ध्या-पाऊण तासाने मधले, आणि धाकटे सगळ्यात शेवटी. सगळेच दाणे काही नखाखालून जात नसत, सुरकुतलेला किंवा नीट न फुगलेला दाणा डोळ्यालाच आधी खटकायचा. चार-पाच वर्षांत त्यांचा हात असा बसला की दाणे परातीत सरकत राहायचे, अंगठा वरून फिरत राहायचा आणि तोंडाने शेजारणीच्या सुनेची चौकशी चालू राहायची. बाराच्या ठोक्याला गंजाचं झाकण काढलं की बावीस घरांचे हरभरे एकसारखे शिजलेले. टरफल शाबूत, आतून लोणी.

कुकरला त्या हात लावायच्या नाहीत. “कुकर कोणाचं ऐकते का? तो आपलाच शिट्ट्या मारत बसते.” खायच्या सोड्याचं तर नावच काढायचं नाही, सोड्याने हरभरा शिजत नाही, शरण येतो, असं त्यांचं मत. मीठ शेवटी घालावं, नाहीतर हरभरा निबर होतो, हे सगळ्या जगाचं म्हणणं. विजयाकाकू पहिल्या पाण्यातच मीठ घालायच्या आणि जगाला वाडगा भरून उत्तर द्यायच्या. चिंच मात्र अगदी शेवटी. मध्ये पाणी लागलं तर उकळतंच. आणि मसाला काळा, वरूडकडचा, दगडफूल नि विस्तवावर भाजलेल्या खोबऱ्याचा.

क्वार्टर सुटलं, दिवाकरराव रिटायर झाले, समता कॉलोनीला लागून छोटं घर झालं. उसळही बरोबर आली. चाळीस वर्षं होत आली. पंगतीत सत्तर-पंच्याहत्तर माणसं बसायची, आणि काकू कमरेला पदर खोचून वाढत फिरायच्या. पंगतीत त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. सगळे उठून गेले की गंजाच्या बुडाशी राहिलेलं उभ्याउभ्या खायचं, ही त्यांची ऐट. गर्व होता का? होता ना! चांगला पोटभर होता. ज्याला काही येतं त्याने गर्व करू नये तर काय ज्याला येत नाही त्याने करावा?

आणि मग मागच्या वर्षी यशवंतरावांची कवळी तुटली.

यशवंतराव म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कॉलोनीतले सगळ्यांत वडीलधारे. भर पंगतीत त्यांच्या तोंडातून कट्‌ असा आवाज आला. त्यांनी रुमालात काहीतरी काढलं, पाहिलं आणि सभ्य माणसासारखं खिशात घातलं. दाताच्या दोन तुकड्यांबरोबर एक हरभराही निघाला होता. गोटीसारखा कडक. यशवंतराव बिचारे बोळक्याने हसत राहिले, पण गोष्ट लपते थोडीच! संध्याकाळपर्यंत बावीसच्या बावीस घरांत पोचली.

यंदा महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या पूर्णिमाबाई. त्यांच्या यजमानांचं कॉलोनीतच क्लिनिक आहे, आणि बाईंचं सगळं काम दवाखान्यासारखं टापटीप, वेळेवर. त्यांनी महिनाभर आधीच बैठकीत विषय काढला. “विजयाताई, तुम्ही लय केलं आमच्यासाठी. आता आराम करा. छोले आपण कॅटररकडून बोलावू. आजकाल डब्यातले चणे येतात, सगळे एकसारखे, एकही कच्चा नाही.”

“डब्यातले?” काकू म्हणाल्या. “मंग डब्यातल्याच बायका बोलवा हळदीकुंकवाले.”

हशा पिकला, पण पूर्णिमाबाई हसल्या नाहीत. शेवटी ठरलं ते असं: यंदा विजयाताईंनी करावी. एकही कडक दाणा निघाला नाही तर पुढेही त्यांचीच. निघाला तर पुढच्या वर्षापासून कॅटरर. काकू “हव” म्हणून ताठ मानेने घरी आल्या आणि न्हाणीघराचं दार लावून अर्धा तास आत बसल्या.

कारण कवळी का तुटली हे त्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपासून त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांना काही समजत नव्हतं. साखरेचा त्रास जुना, त्यानेच हे झालं होतं. भाकरीचा चटका लागायचा नाही, मेथी निवडताना देठ कोणता नि पान कोणतं कळायचं नाही. डाव्या हाताचीही तीच वाट सुरू झाली होती. आणि नख! नख दाण्यात गेलं की घसरलं, ते त्यांना कळतच नव्हतं. मागच्या वर्षी त्यांनी सगळी निवड अंदाजपंचे केली होती आणि वर नेहमीसारख्या गप्पा मारल्या होत्या. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही, दिवाकररावांनाही नाही. चाळीस वर्षं ज्या अंगठ्यावर नाव कमावलं तो मेला, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

अक्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून वाडगे येऊ लागले. प्रत्येक घरातून एक मोठा वाडगा. ओसरीवर ओली पांढरी चादर अंथरलेली होती, कारण एप्रिलच्या उन्हाळ्यात भिजलेला हरभरा झाकून ठेवला की तासाभरात आंबूस वास मारतो. आठ-नऊ किलोंचा ढीग झाला. काही गावरान दाण्यांना रातोरात इवले मोडही आले होते. दिवाकरराव मागच्या अंगणात भट्टीची जुळवाजुळव करत होते. काकूंनी ढिगात दोन्ही हात घातले आणि वर-खाली केलं.

तळहाताला पांढरं पीठ लागलं.

त्यांनी ओंजळ डोळ्यांजवळ आणली. काही काबुली दाणे नुसत्या हात लावण्याने फुटले होते. टरफल सुटलेलं, रंग फिकट, मोडाचं नाव नाही. एक दाणा त्यांनी तोंडात टाकला. शिजलेला होता. वर खारट.

काकूंचं डोकं सणकलं. ओटीत शिजवलेलं? अहो, ओटी म्हणजे काय? जे मातीत टाकलं तर रुजेल ते धान्य बाईच्या पदरात घालायचं, एवढी साधी गोष्ट. मीठ घालून शिजवलेला हरभरा ओटीत घालणारी ही कोण शहाणी? आणि तिचा मूठभर माल बावीस जणींच्या पदरांतून फिरून आता या ढिगात सगळीकडे पसरलेला. हे असंच गंजात गेलं तर दोन तासांत लापशी होणार. वेचून काढायचं, तर दाणा दाणा हातात घ्यायला हवा. आणि हात तर हे असे.

त्या ढिगासमोर बसून राहिल्या. रडल्या नाहीत; त्यांना रडायची सवय नव्हती. पण या अंगणात आपली ही शेवटची उसळ, हा विचार मनात येऊन गेला.

फाटक वाजलं. निधी आली होती, पूर्णिमाबाईंची सून. मूळची भिलाईची मराठी पोट्टी, पण हिंदीत वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. नवा रायपूरला कुठल्याशा कंपनीत नोकरी. लग्नाला आठ महिने झाले होते आणि आठ महिने सासू-सुनेत एकच वाद धुमसत होता, तो सुनेच्या नखांचा. लांब, गर्द तांबडी नखं. पूर्णिमाबाईंना स्वयंपाकघरात ती नखं दिसली की भात गिळवत नसे.

निधीच्या हातात वाडगा नव्हता. ती ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि ढिगाकडे पाहू लागली.

“काकी, मुझसे बहुत बड़ी गलती हो गई.”

“तर ते तुहे हायेत,” काकू म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. पूर्णिमाबाई आदल्या दिवशी बिलासपूरला गेल्या होत्या. फोनवर सांगून ठेवलं होतं, सकाळी चणे भिजव. ऑफिसच्या गडबडीत निधी विसरली. संध्याकाळी पाचला आठवलं, तेव्हा घरात कोरडे चणे होते, पण सात वाजता बायका येणार! नवऱ्याच्या, पुष्करच्या, सॅलडसाठी आणलेले काबुली चण्यांचे सहा डबे कपाटात होते. तिने ते फोडले, पाणी निथळलं, परातीत ओतले. सासूबाई ऐनवेळी आल्या आणि गौरीपुढे दिवा लावून त्याच परातीतून बावीस जणींच्या ओट्या भरल्या. तिला ओटीचा नियम ठाऊकच नव्हता. रात्री पुष्करने सहज सांगितला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

“मैं सब निकाल दूँगी, काकी. एक-एक दाना. बस मम्मी को मत बताना. वो सबके सामने...” तिने ओढणीने डोळे पुसले.

विजयाकाकूंना आधी राग आला. मग हसू आलं. डब्यातले चणे सगळे एकसारखे, असं बैठकीत सांगणाऱ्या बाईच्या घरचेच डबे! देव आहे, आणि त्याला थट्टाही येते. ही गोष्ट आज पंगतीत नुसती कुजबुजली असती तरी पूर्णिमाबाई वर्षभर मान वर काढू शकल्या नसत्या. काकूंच्या जिभेवर ते आलंही. पण समोर पोट्टी रडकुंडीला आलेली, आणि तिच्या हाताची नखं सकाळच्या उन्हात चमकत होती. काकू त्या नखांकडे पाहतच राहिल्या.

“हात धुवून ये,” त्या म्हणाल्या. “साबणानं. नखांतून बी.”

निधी हात धुवून आली. काकूंनी ढिगातला एक सुरकुतलेला दाणा तिच्या हातावर ठेवला.

“दाब नख. काय होते?”

“अंदर नहीं जा रहा.”

“घसरते का?”

“हाँ, फिसल रहा है.”

“हा थोरला. तिकडे ठेव. आता हा पाह्य.”

“आधा गया... फिर रुक गया.”

“हा मधला.” काकूंनी तो दाणा बाजूला ठेवला. “निधी, तुही गोष्ट मी कोणाले सांगत नाही. आता माही आयक. माह्या बोटाले काही समजत नाही. दोन वर्षं झाली. यशवंतरावाची कवळी तुटली ते याच्यानंच. आज हा ढीग तुह्या नखानं निवडायचा हाय.”

निधीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि अंगठ्याला हळूच नख लावलं. काकूंना कळलं नाही. निधीने पदर, म्हणजे ओढणी, कमरेला बांधली आणि मांडी घालून बसली. ऑफिसला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली होती.

पहिला अर्धा तास धांदल झाली. मग हात बसू लागला. काकू डोळ्याने संशयित दाणे पुढे सरकवायच्या, निधी नख लावायची, आणि तीन ढिगांऐवजी यंदा चार ढीग वाढू लागले. पावणेआठला थोरले उकळत्या पाण्यात पडले, मिठासकट. साडेआठला मधले, आणि निवड संपता संपता धाकटे. डब्यातले सगळे वेचून झाले तेव्हा मोठं पातेलं भरलं.

“इनका क्या करेंगे? फेंक दें?”

“फेकून द्यायले मी इथं आली का? ओटीत आलं ना? मंग ते ओटीतलंच.” काकूंनी एक दाणा उचलून तिच्यासमोर धरला. “समजून घे. वाळलेला हरभरा उपाशी असते. जे पाजलं ते पोटात घेते, मीठ म्हण, मसाला म्हण. हा डब्यातला पोटभर जेवून आलेला पाहुणा हाय. याले आता मसाल्यात टाकलं तर मसाला बाहीर अन्‌ हा आत, दोघांची भेटच नाही. याले आधी भूक लागू दे.”

डब्यातले चणे गरम पाण्याने तीनदा धुतले. खारट पाणी गेलं, डब्याचा वास गेला. मग दिवाकररावांच्या धुतलेल्या जुन्या धोतरावर पसरून पंख्याखाली वाळवले. लोखंडी कढईत तेल तापवून जिरं-हिंग टाकलं आणि त्यावर हे कोरडे चणे. ते ताडताड उडू लागले, टरफलांना चिरा पडल्या, कडा तांबूस झाल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, “आता लागली भूक.” वर काळा मसाला, आणि गंजातल्या हरभऱ्यांचा दाट तांबडा कट दोन पळ्या. चण्यांनी तो चर्रकन पिऊन टाकला. पुन्हा दोन पळ्या. पुन्हा पिऊन टाकला. तीनदा पाजल्यावर काकूंनी थोडे चणे काढून भाजलेल्या खोबऱ्याबरोबर वाटायला दिले. “रश्श्याले दाटपणा याच्यानं येईन. बाकीचे शेवटी.”

निधीने एक दाणा फुंकर मारून तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. “काकी, ये डब्बे वाला है?”

“व्हता,” काकू म्हणाल्या, आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांना आपल्या हातांचा राग आला नाही. बोटं गेली होती, पण अक्कल जागेवर होती.

बाराला झाकण निघालं. चिंच पडली, कोथिंबीर पडली. पंगत बसली आणि पहिलं पान यशवंतरावांचं, नव्या कवळीसकट. पूर्णिमाबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या, परीक्षा घ्यायला बसलेल्या मास्तरणीसारख्या. यशवंतरावांनी पहिला दाणा चमच्याने दाबून पाहिला. दुसरा दाबून पाहिला. मग देवाचं नाव घेऊन घास घेतला. पंच्याहत्तर माणसांनी चावणं थांबवलं. निधी हातात परात घेऊन भिंतीशी उभी होती. यशवंतराव चावत राहिले, चावत राहिले, आणि वाटी पुढे केली.

“वाढा अजून,” ते म्हणाले. “दात जागेवर हायेत.”

अंगणभर हशा उसळला. मग वाट्यांवर वाट्या गेल्या. पूर्णिमाबाईंनी तीन वेळा घेतली. त्यांनी एक पांढरा दाणा उचलून निरखून पाहिला. “विजयाताई, हे खमंग चणे कोणाकडले हो? रश्शात हायेत पण वेगळेच लागतात.”

“तुमच्याच घरचे,” काकू म्हणाल्या. खोटं तर बोलल्या नव्हत्या.

पूर्णिमाबाई फुलल्या. त्यांनी आजूबाजूला पाहून घेतलं, ऐकलं ना सगळ्यांनी? निधीने मान खाली घातली. यशवंतराव हात धुवून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मागच्या वर्षी मीच दगड चावला असन. पण विजयाताईच्या नखाले तोड नाही, हे मानाच लागन!”

टाळ्या पडल्या. झालं. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. उसळ राहिली, अंगण राहिलं, नाव राहिलं. गप्प बसलं असतं तर कोणाला काही कळणार नव्हतं. पण विजयाकाकूंचा गर्व अस्सल होता, आणि अस्सल गर्वाला दुसऱ्याच्या दागिन्याने मिरवता येत नाही. त्यांनी पळी खाली ठेवली.

“नख माहं नोहोतं,” त्या म्हणाल्या. “माह्या बोटांतलं गेलं सारं. दोन वर्षं झाली, मी लपवून राहिली होती. तुमची कवळी माह्याचमुळे तुटली, यशवंतराव. आज एकेक दाणा या पोरीनं निवडला, निधीनं. कौतुक तिचं करा.”

भट्टीजवळ उभे असलेले दिवाकरराव दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. आणि मग निधीने परात खाली ठेवली. ती सासूकडे वळली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर मराठीत, अडखळत बोलली.

“आई, ते आपले चणे... डब्यातले होते. मी भिजवायचं विसरली. ओटीत शिजलेलं नाही घालायचं, मला माहीत नव्हतं. काकींनी मला सांभाळून घेतलं.”

पूर्णिमाबाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. डब्यातल्या चण्यांची तारीफ केली होती ती बैठक सगळ्यांनाच आठवली असणार, आणि त्यांना तर आधी. कोणीतरी खाकरलं. त्या उठल्या, निधीपाशी गेल्या आणि तिचा उजवा हात ओढून घेतला. आता हिला बोलणार, असंच सगळ्यांना वाटलं. पूर्णिमाबाई त्या हाताकडे पाहत होत्या. तांबडा रंग ठिकठिकाणी उडालेला, अंगठ्याचं नख टोकाला चिरलेलं, कडेला हळद, आणि बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. सकाळभर बसून निवडणाऱ्या बाईचा हात होता तो. तसा हात बावीस घरांनी आजवर एकच पाहिला होता.

“बाकीची कापशील तर काप,” पूर्णिमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज बैठकीतला नव्हता. “हे अंगठ्याचं राहू दे. पुढच्या अक्तीले लागन.”

मग त्या विजयाकाकूंकडे वळल्या, त्यांनी खाली ठेवलेली पळी उचलून निधीच्या हातात दिली आणि शेवटच्या ओळीतला एक पाट पायाने पुढे सरकवला.

विजयाकाकूंनी पाटाकडे पाहिलं, गंजाकडे पाहिलं. नको म्हणायला तोंड उघडलं. मग कमरेचा पदर सोडला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपल्याच अंगणात पंगतीला बसल्या. निधीने त्यांना वाढलं.

“थोडी अजून,” काकू म्हणाल्या. “बुडाशी चांगली असते.”